रुमालाखालची मूठ

सकाळी साडेआठच्या सुमारास आकाराम दुकानाची पायरी चढून आला आणि काही बोलायच्या आधीच त्यानं माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. झालं ते एवढंच. पण मी दचकलो, आणि असा दचकलो की आत शिरणारा हमाल पाठीवरचा गुळाचा रवा, ती मोठी ढेप, तसाच पेलत माझ्याकडं बघत राहिला. "काय मास्तर, इंचू चावल्यागत काय करतायसा?" म्हणून आकाराम हसला. हात मात्र सोडला नाही. त्याचे तळवे रुंद, कोरडे, अंगठ्याच्या बुडाशी घट्टे पडलेले. "आज सांजंला मंडळाची बैठक हाय. संचालक म्हणून तुमचं नाव मी घालणार. न्हाय म्हणायचं न्हाय. बारा वर्सं झाली पेठंत, कुणीतरी घालायला पायजे हुतं की!" एवढं बोलून तो पायरी उतरला आणि शाहूपुरीच्या त्या चिकट, माश्यांनी भरलेल्या रस्त्यावरून आपल्या अडतीकडं निघून गेला. मी मागं मोरीपाशी जाऊन उजवा हात धुतला. गूळ लागलाय म्हणून धुतोय, असं स्वतःला सांगितलं. खरं तर गूळ डाव्या हाताला लागला होता.

तीन वर्षांपूर्वी, अडुसष्ट साली, असाच त्यानं हात धरला होता. मंडळाच्या माडीवर, सगळ्यांदेखत. तेव्हा तो हसत नव्हता. "मास्तर," तो म्हणाला होता, "सगळ्या माडीत ह्यो एक हात माझा." हे वाक्य मी विसरलेलो नाही. दाढी करताना, जेवताना पाटावर, रंकाळा तळ्यावर बायकोबरोबर, पद्मजाबरोबर, फिरताना, ते मधूनच येतं आणि मग मी मोठ्यानं खाकरतो किंवा उगाच काहीतरी बोलतो. पद्मजा म्हणते, तुम्हाला ही खाकरायची सवय अलीकडं लागलीय, घसा दाखवून घ्या. घसा काय दाखवायचा!

हे सांगायचं तर आधी रुमालाचं सांगायला हवं. आमच्या पेठेत पूर्वी गुळाचा भाव तोंडानं कुणी बोलत नसे. अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, माल मांडून उभा राही, हातावर रुमाल टाकी, आणि एकेक खरेदीदार त्या रुमालाखाली हात घालून बोटं दाबून आपला भाव सांगे. शेजारच्याला पत्ता लागत नसे. सगळ्यांचे भाव एकट्या अडत्याच्या तळहाताला माहीत. बाजार समितीनं पुढं हे बंद केलं, उघडा लिलाव आणला, शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते बरंच झालं. पण आमच्या व्यापारी मंडळानं संचालक निवडायला तो रुमाल जपून ठेवला. चिठ्ठी नाही, पेटी नाही, हात वर करणं तर नाहीच. सभासद तेवीस, संचालक सात. दर तीन वर्षांनी चैत्रात, हंगाम उतरल्यावर, सगळे माडीवर जाजमावर गोल बसतात. कुणी आपलं नाव आपण घ्यायचं नाही. दुसऱ्यानं घ्यायचं, तिसऱ्यानं अनुमोदन द्यायचं. मग गुंडूअण्णा, आमच्यातले सगळ्यांत जुने अडते, आपला गुलाबी रुमाल हातावर टाकून उठतात आणि एकेकापाशी बसत जातात. रुमालाखाली एक बोट दिलं म्हणजे होकार. मूठ दिली म्हणजे नकार. ज्याचं नाव असेल तोही हात देतो, कारण गोल तुटायला नको. आणि एक जरी मूठ लागली तरी नाव पडतं. गुंडूअण्णा फक्त 'जमलं' किंवा 'न्हाय जमलं' एवढंच म्हणतात. मूठ कुणाची ते अण्णांना कळतं आणि अण्णांपाशीच राहतं. या संचालकपदात मिळत काही नाही. उलट चहा आपल्या खिशातून पाजावा लागतो आणि शेतकऱ्या-व्यापाऱ्यांची भांडणं मिटवता मिटवता जेवणाची वेळ टळते. पण दिवाळी पाडव्याच्या, नव्या हंगामातल्या पहिल्या सौद्याला पुढच्या सात खुर्च्या त्यांच्या असतात, आणि माडीच्या भिंतीवर त्यांचे फोटो लागतात. माझ्या वडिलांचा, अप्पांचा, फोटो तिथं आहे. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि कुणीतरी चुकीचं शब्दरूप सांगितल्यावर व्हावा तसा चेहरा.

मी मुळात गारगोटीला शाळेत मास्तर होतो. चार वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. अप्पांना अर्धांगाचा झटका आला आणि मी गादीवर येऊन बसलो. मला गुळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पिवळा तो चांगला, काळा तो वाईट, एवढीच अक्कल. त्या पहिल्या हंगामात कसबा बावड्याचा एक तरुण शेतकरी स्वतःच्या गाडीतून गूळ घेऊन यायचा, तो आकाराम. त्यानं माझी फजिती दोन दिवस बघितली आणि तिसऱ्या दिवशी लिलाव संपल्यावर स्वतःहून दुकानात आला. "मास्तर, असं न्हाय बगायचं," म्हणाला. आणि स्वतःच्याच मालातला रवा फोडून त्यानं मला त्यातले दोष दाखवले. इथं पाक कच्चा राहिलाय. इथं रसाची मळी काढायला घालतात ते भेंडीचं पाणी कमी पडलं. हा रंग उसाचा नव्हे, पावडरीचा हाय, आमच्या भावकीतल्या एकानं माझं न ऐकता टाकली. विकणारा माणूस घेणाऱ्याला आपल्या मालाची खोट दाखवतोय, हे मी आयुष्यात दुसरीकडं कुठं बघितलेलं नाही. रुमालाची बोटंही त्यानंच शिकवली. आपला घामट टॉवेल आमच्या दोघांच्या हातांवर टाकायचा, माझी बोटं एकेक करून धरायचा, हे अमुक, हे तमुक, तळव्यावर रेघ ओढली की अर्धा रुपया. चुकलो की शाळेत पोरांना मी मारायचो तशी टिचकी मारायचा. मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. तरी तो मला पहिल्यापासून 'तुमी' म्हणे आणि मी त्याला 'तू'. याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं, पण आता बदलणार कसं?

पुढं आकारामनं स्वतःची अडत घातली. गुऱ्हाळ चालवणाऱ्यातला पेठेत अडत्या झालेला तो पहिला. शेतकरी त्याच्याकडं लोटले, कारण तो त्यांच्यातला. मी खरेदीदार, गुजरातेत माल पाठवणारा. उघड्या लिलावानंतर जो थोडा माल शिल्लक राही त्याचा सौदा मी आणि तो आपसात करायचो, आणि तो अजूनही टॉवेलाखाली. समितीची बंदी होती खरी, पण आम्हा दोघांचा तो सवयीचा खेळ होता. माझी बोटं धरून तो मान हलवायचा, "एवढ्याला आमची आक्का बी देणार न्हाय," म्हणायचा, मग मी आणखी एक बोट द्यायचो. रोज सकाळी दहा मिनिटं. माझ्या दिवसातली ती बरी दहा मिनिटं असत, हे मला फार उशिरा समजलं.

अडुसष्ट साली आकारामला संचालक व्हायचं होतं. उघडपणे, लपवाछपवी न करता. पेठेत एक रीत होती. खरेदीदार प्रत्येक रव्याचा कोपरा नमुना म्हणून फोडी, चाखे, आणि उरलेला खडा परत न ठेवता पिशवीत टाकी. सकाळभरात एकेकाची पिशवी भरून जाई. शेतकरी बघत उभा. आकारामला ही पिशवी बंद करायची होती आणि त्यासाठी मंडळात बसायचं होतं. समोरच्या दुकानाचा जोतीराम, तोही खरेदीदारच, तोंडाचा फाटका माणूस, त्यानं चौकात उभं राहून विरोध केला. पण हेही सांगितलं, "बोलीन इरोधात. बैठकीत भांडीन. पर मूठ मारणार न्हाय. मूठ बायकी काम हाय." जोतीराम असाच बोलतो. आकारामचं नाव गुंडूअण्णांच्याच पुतण्यानं घेतलं आणि अनुमोदन मी दिलं. मी. उभा राहून, दोन चांगली वाक्यं बोलून दिलं. लोकांनी माना डोलावल्या.

त्याच दुपारी काय झालं होतं ते सांगितलं तर हसू येईल. आम्ही आठदहा जण चहा घेत होतो आणि आकाराम रंगात येऊन माझ्या पहिल्या लिलावाची गोष्ट सांगत होता. मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि शेतकऱ्याला म्हणालो, 'छान! अक्षर सुधारलंय!' सवयीनं तोंडून गेलं होतं. ही गोष्ट त्यानं शंभर वेळा सांगितली असेल, आणि शंभर वेळा मीही हसलो असेन. त्या दिवशीही हसलो. पण कुणीतरी म्हणालं, "मास्तरला नऊ वर्सांत जमलं न्हाय, आकारामला सहात खुर्ची मिळतीया," आणि पुन्हा हशा झाला, आणि आकारामही त्यात हसला. वाईट मनानं नव्हे. त्याला ते ऐकूसुद्धा नीट आलं नसेल. माझ्या बशीतला चहा गार झाला होता, त्यावर साय धरली होती, ती मी बोटानं बाजूला केली. एवढंच. माझं नाव कधी कुणी घेतलं नव्हतं. आपलं नाव आपण घ्यायचं नसतं, म्हणून मी वाट बघत होतो, आणि वाट बघतोय हे कुणाला दिसू नये म्हणून प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या नावाला हिरिरीनं अनुमोदन देत होतो. माडीवर अप्पांच्या फोटोखालीच माझी जागा होती. गुंडूअण्णा रुमाल घेऊन माझ्यापुढं बसले. मी हात घातला. मी मूठ दिली. 'दिली गेली' असं म्हणावंसं वाटतं, पण मी मास्तर होतो, असल्या वाक्यामागं लपणारी पोरं मी चांगली ओळखतो. मूठ मी दिली. आणि अण्णांच्या म्हाताऱ्या हातानं ती एकदा चाचपली. सवयीनं बोटं मिटली असतील, मास्तर सरळ माणूस, असं वाटून त्यांनी हात तसाच धरून ठेवला. मला बोट काढायला वेळ दिला. मी तीनदा श्वास घेतला असेन. बोट काढलं नाही. ते उठले आणि पुढच्याकडं गेले.

"न्हाय जमलं," अण्णा म्हणाले. आकाराम आधी हसला, चेष्टा करतायत असं वाटून. मग त्याचं तोंड उतरलं, आणि तो जोतीरामकडं वळला. "जोत्या, तोंडावर बोललास तवर ठीक हुतं रं. रुमालाखाली कशाला?" जोतीराम उठून उभा राहिला. "माझं बोट हुतं. आईची आण." "आईला कशाला मधी आणतोस?" आकाराम म्हणाला, आणि मग जाजमावरून चालत येऊन त्यानं माझा हात धरला आणि ते वाक्य बोलला. माझा तोच हात. अजून गरम होता.

त्या दिवसापासून आकारामनं जोतीरामची पायरी चढणं बंद केलं. आकाराम रोज माझ्याकडं येई, जोतीराम समोर दहा पावलांवर, पण तीन वर्षांत शब्द नाही. जोतीराम रोज सकाळी कुलूप काढताना एकदा आकारामच्या अडतीकडं बघायचा, हे मला माझ्या गादीवरून दिसायचं. गेल्या साली जोतीरामची आई गेली, धोंडुबाई. लहानपणी आकाराम आणि जोतीराम दोघं तिच्या हातचं खाऊन तालमीत जायचे, हे सगळ्या पेठेला माहीत. बाराव्याला सगळे गेले. मी गेलो. पंगतीत जोतीराम वाढत होता, आणि दर वेळी दारात कुणी आलं की त्याची मान वळायची. आकाराम आला नाही. ज्यानं आईची आण खोटी घेतली त्याच्या आईच्या पानावर मी कसा बसू, असं तो मला नंतर म्हणाला. मलाच म्हणाला. मी काय केलं? मी म्हणालो, "झालं गेलं विसरावं माणसानं." असा मी मोठ्या मनाचा.

एकदा सांगणार होतो. दर हंगामात आकाराम मला बावड्याला गुऱ्हाळावर नेतो. साखर कारखान्याचा भोंगा दुरून ऐकू येतो, काहिलीवर वाफ असते, आणि त्याची आई, आक्का, भाकरी आणि गरम काकवी वाढते. मी म्हणालो, "आकाराम, त्या बैठकीत..." तोवर आक्कानं माझ्या वाटीत आणखी काकवी ओतली. "खावा की मास्तर, तुमी आमच्या आकारामच्या पाठीशी हुबा ऱ्हायलासा," ती म्हणाली. ती काकवी मी कशी गिळली ते मला माहीत. नंतर मी त्या विषयाकडं गेलो नाही. आणि गुंडूअण्णा? ते मला पूर्वीसारखंच वागवत. रस्त्यात भेटले की "काय मास्तर, बरं हाय न्हवं?" त्यांच्या नजरेत मी कितीदा शोधलं. राग नाही, ओळख नाही, काही नाही. अण्णांच्या तळहातात मी तेवढा बंद होतो, आणि त्यांनी मला जणू कुठं ठेवून दिलं होतं ते तेच विसरले होते. त्यांनी एकदा शिवी दिली असती तर मला झोप तरी लागली असती.

दुपारी घरी जेवायला गेलो. पद्मजाला सांगायचं नव्हतं, पण आकारामनं आमच्या शेजाऱ्यापाशी निरोप ठेवला होता म्हणे. तिनं माझा कोट उन्हात टाकला होता. "अप्पांच्या शेजारी लागेल ना हो फोटो?" तिनं विचारलं. इतक्या साध्या आनंदानं विचारलं की मला तिचा राग आला. मी म्हणालो, इतकं काही नसतं त्यात. ती म्हणाली, "आकारामभावजींसारखा माणूस भेटला हे नशीब तुमचं." मी खाकरलो. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

माडीवर उकडत होतं. खालच्या वखारीतल्या गुळाचा वास जाजमातून वर येतो असं मला नेहमी वाटतं. पाच नावं जमली. सहाव्याला आकाराम उठला. भाषण त्याला येत नाही. "मास्तरचं नाव घ्या," म्हणाला. "का म्हणाल तर ह्यो माणूस रुमालाखाली एक आणि वर एक असा न्हाय." आणि बसला. अनुमोदन कुणी दिलं ते मी ऐकलं नाही. गुंडूअण्णा रुमाल हातावर टाकून उठले. ते आता पंचाहत्तरीला आलेत, गुडघे धरून बसतात, उठतात. एकेक माणूस. मला वाटत होतं, आता अण्णा स्वतःच 'न्हाय जमलं' म्हणतील, माझा हिशोब चुकता करतील. मग वाटलं, जोतीराम मूठ देईल, आणि ती मला न्यायानं मिळालेली असेल. मी जोतीरामकडं पाहिलं. तो रुमालाखाली हात घालून छताकडं बघत होता. मग अण्णा माझ्यापुढं आले. रुमालाखाली अंधार असतो असं म्हणायची पद्धत आहे, पण गुलाबी कापडातून उजेड येतो, मला स्वतःची बोटं दिसत होती. स्वतःच्या नावावर आजवर कुणी मूठ दिलेली नव्हती. मी दिली. घट्ट दिली, अण्णांना चाचपावं लागू नये इतकी. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला तीन वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं. फिटलं असं वाटलं. कुणाला कळणार नाही, माझं नाव पडेल, भिंतीवर फोटो लागणार नाही, आणि देवाघरी मात्र नोंद होईल. कसलीही किंमत न देता प्रायश्चित्त घ्यायची ही माझी हौस! अण्णांनी या खेपेलाही हात क्षणभर धरून ठेवला. मग गेले.

"न्हाय जमलं."

आकाराम उठला तो ताडकन उठला. त्याच्या गळ्याच्या शिरा मला आत्ताही दिसतात. "जोत्या! माझ्याशी वैर हुतं, मला मूठ मारलीस, गिळली मी. ह्या बामणानं तुझं काय घोडं मारलं रं? गरीब माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात!" जोतीराम पांढरा पडला. "म्या न्हाय मारली." "मागं बी न्हाय मारलीस, आता बी न्हाय. मग काय भिंतीवरल्या फोटूंनी मारली?" दोघंतिघं आकारामला धरू लागले. मला हे सुचलंच नव्हतं. मूठ कुणाच्यातरी नावावर जाते, आणि ती पुन्हा त्याच एका माणसाच्या नावावर जाणार, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. मी उठलो. "मूठ माझी आहे," मी म्हणालो.

आकारामनं वळून विचारलं, "कुणाची?" "माझी. माझ्या नावावर मीच दिली. मला हे पद नको होतं. माझी लायकी नाही." हे शेवटचं वाक्य खरं होतं, आणि तरीही ते मी ज्या आवाजात बोललो तो आवाज खोटा होता. क्षणभरात माडीवरची हवा पालटली. कुणी "वा मास्तर!" म्हणालं. कुणी म्हणालं, असा माणूस पेठेत झाला नाही. आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ जोत्या," तो म्हणाला, "माणूस म्हंत्यात ते ह्याला." आणि मी उभा होतो, डोकं खाली घालून, नम्र माणसं उभी राहतात तसा. मला ते गोड लागलं. लाज वाटते ती याची सगळ्यांत जास्त. मूठ मारली तेव्हा निदान मला वाईट वाटत होतं.

मग जोतीराम बोलला. ओरडून बोलणारा माणूस, पण हळू बोलला. "आणि मागली, मास्तर?"

"मागली तुझी की," आकाराम म्हणाला. जोतीरामनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडंच बघत होता. त्याला माहीत नव्हतं, पण स्वतःचं बोट त्याला माहीत होतं, आणि तीन वर्षं तो एकेकाचा हात मनातल्या मनात तपासत बसला असणार. मी गुंडूअण्णांकडं पाहिलं. कशासाठी पाहिलं? त्यांनी सांगावं म्हणून, की त्यांनी सांगू नये म्हणून? अण्णा रुमालाची घडी घालत होते. "रुमालाखालचं म्या सांगत न्हाय," ते म्हणाले. "कुणाला सांगायचं आसंल त्यानं सांगावं." भिंतीवर अप्पा होते. खाली रस्त्यावर कुणीतरी बैलाला हाकलत होतं. मला वाटलं, जोतीराम पुन्हा विचारेल, आणखी एकदा विचारलं तर सांगू. त्यानं विचारलं नाही.

"मागचीही माझीच," मी म्हणालो.

आकारामनं माझ्याकडं पाहिलं नाही. एवढा मोठा माणूस, तो आधी आपल्या हातांकडं बघत राहिला, तळवे वर करून. मग जोतीरामपाशी गेला. "धोंडुआईच्या बाराव्याला मी आलो न्हाय," म्हणाला. "व्हय," जोतीराम म्हणाला. "न्हाय आलास." आकारामनं चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. त्याची पावलं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आली. मलाही जायचं होतं, पण अण्णा म्हणाले, "बसा मास्तर. अजून दोन नावं ऱ्हायलीत. गोल मोडू नका." मी बसलो. जोतीराम म्हणाला, "आकारामचं नाव घ्या." अण्णांच्या पुतण्यानं अनुमोदन दिलं. तो स्वतः नसला तरी बाकीच्यांनी द्यावं असं ठरलं आणि रुमाल फिरला. माझ्यापाशी अण्णा बसले. मी बोट दिलं. त्यांनी मूठ नाही ना एवढं बघितलं आणि हात काढून घेतला. आकारामचं नाव जमलं. सातवं नाव कुणाचं होतं ते मला आठवत नाही, पण त्यालाही मी बोट दिलं. घरी पद्मजानं विचारलं, तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ कोटाची घडी घालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी दुकान उघडलं. तो येणार नाही असं धरून चाललो होतो. साडेआठला तो रस्त्यात दिसला. आधी समोर गेला, जोतीरामच्या पायरीवर टेकला, त्याच्या हातची तंबाखू घेतली. मग उठून माझ्याकडं आला. शिव्या देईल, देऊ दे. मी गादीवरून उठून पुढं आलो आणि काय सुचलं कुणास ठाऊक, उजवा हात थोडा पुढं केला, रोजच्यासारखा. टॉवेल त्याच्या खांद्यावर होता.

तो पायरीखालीच उभा राहिला. "काल लिलावातनं चाळीस रवे ऱ्हायल्यात, नृसिंहराव," तो म्हणाला. मला बारा वर्षांत त्यानं कधी नावानं हाक मारली नव्हती. मग त्यानं भाव सांगितला. तोंडानं, मोठ्यानं, रस्त्यावरच्या हमालांनाही ऐकू जाईल असा.